गाडी पेट्रोल का पिते?

‘गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही’ ही तक्रार पडेगावात घरोघरी ऐकू येते. आमच्या वडिलांची मोटारसायकल १५ वर्षांची. दूध घेऊन छावणीमार्गे शहरात रोजची फेरी, त्यामुळे पेट्रोलची तूट थेट घरखर्चात येते. लिटरला ६० किलोमीटर जाणारी गाडी ४५ वर आली, तेव्हा जो तो म्हणाला, “हल्ली पेट्रोलच तसले!” म्हणणे अगदीच खोटे नाही. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले, आणि इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. पण हिशेब मांडला तर त्यापायी ६-७ टक्केच घट व्हावी. आमची २५ टक्के होती. बाकीचे कुठे मुरत होते?

मिस्त्री आल्याआल्या कार्बोरेटर खोलतो. माझ्या मते ते शेवटचे काम. आधी मोजावे : टाकी एका खुणेपर्यंत भरावी, २०० किलोमीटरनंतर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरून भागाकार करावा. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. लगेच थांबले तर ब्रेक घासतो आहे किंवा साखळी जास्त ताणलेली आहे. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना पाहावी. फिल्टर धुळीने बुजला तर हवा कमी पडून पेट्रोल जास्त ओढले जाते. प्लगवर कोरडी काजळी दिसते. क्लच घसरत असेल तर चढाला इंजिन नुसते ओरडते. दौलताबादपुढच्या घाटात हे हमखास कळते!

आमच्या गाडीत दोष निघाला तो मागच्या ब्रेकचा आणि फिल्टरचा. आता ती ५६ देते. उरलेले ४ इथेनॉलच्या खाती.