पंचांग पाहून पुळण गांठावी

सुटी जवळ आली कीं घरोघर प्रवासाचा विचार निघतो. एकत्र कुटुंबांत हा विचार सोपा नसतो. आजोबांस देवदर्शन हवें असतें, मुलांस पाण्यांत डुंबावयाचें असतें, सुनांस चार दिवस स्वयंपाकघरापासून सुटका हवी असते, आणि घरांतील कर्त्या माणसास खर्चाचा व सर्वांच्या सुखरूपपणाचा घोर असतो. या सर्वांचें समाधान होईल असा प्रदेश मुंबई-पुण्याहून फार दूर नाहीं. धरमतरचा पूल ओलांडला कीं रेवसपासून मुरुडपर्यंत एकामागून एक पुळणी लागतात. त्यांतली चांगली कोणती, असें आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतें. आमचें उत्तर असें कीं, तें त्या दिवशींची तिथि पाहून ठरवावें.

खुद्द धरमतरास समुद्राचें पाणी आहे, पण पुळण नाहीं. पूर्वीं मुंबईहून निघालेली आगबोट रेवसवरून खाडींत शिरून येथील धक्क्यास लागे, आणि पेण-महाडकडचे उतारू येथून गाडीनें पुढें जात. आतां खाडींत डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल वाहणारे बार्ज दिसतात, आणि वडखळहून अलिबागेस जाणारा रस्ता पुलावरून अंबा नदी ओलांडतो. दोन्ही तीरांस चिखल, तिवराचीं झाडें, आणि खारें पाणी अडविण्यासाठीं घातलेले बांध आहेत. तथापि मुलांस समुद्राचा पहिला धडा द्यावयाचा तर तो येथेंच द्यावा. सकाळीं जातांना जें पात्र कांठोकांठ भरलेलें दिसतें, तेंच परततांना उघड्या चिखलाचें झालेलें असतें. समुद्र आपल्या सोयीनें चालत नाहीं, हें त्या पुलावरून शब्दांवांचून समजतें.

पाऊणपटीचा हिशेब

कोंकणच्या किनाऱ्यावर भरतीचा एक सोपा हिशेब चालत आला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारीं तीनला व पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. पौर्णिमेस व अमावास्येस हिशेबानें सव्वाअकरा येतात, परंतु प्रत्यक्षांत पाणी बाराच्या आसपास पुरें चढतें. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. शुद्ध व वद्य या दोन्ही पक्षांस नियम एकच.

याचें कारण सोपें आहे. समुद्रास ओढणारा मुख्यतः चंद्र, आणि तो रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां डोक्यावर येतो. म्हणून भरतीही रोज तितकीच मागें सरते. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य व चंद्र एका रेषेंत येऊन ओढतात. त्या सुमारास पाणी फार चढतें व फार ओसरतें. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ एकमेकांस काटकोनांत पडते, व चढउतार थोडा होतो. यास भांग म्हणतात. हिशेबांत अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडूं शकतो. म्हणून निघण्यापूर्वीं भरती-ओहोटीचें छापील कोष्टक पाहावें, व तेथें पोहोंचल्यावर एखाद्या कोळ्यास विचारून खात्री करावी.

अलिबाग: चतुर्थीची सकाळ

धरमतरहून अलिबाग सुमारें वीस किलोमीटर. येथील वाळू काळसर व घट्ट. समोर पाण्यांत कुलाब्याचा किल्ला. शिवछत्रपतींनीं १६८० सालीं त्याचें काम आरंभिलें, आणि पुढें तो आंग्र्यांच्या आरमाराचें ठाणें झाला. आंतील सिद्धिविनायकाचें देऊळ राघोजी आंग्रे यांनीं १७५९ मध्यें बांधविलें. चहूंकडे खारें पाणी असतांही किल्ल्यांत गोड्या पाण्याची विहीर आहे, हें पाहून मुलांस मोठें नवल वाटतें.

ओहोटीस किल्ल्यापर्यंत पायीं जातां येतें, भरतीस होडी लागते. आतां वरील हिशेब लावून पाहावा. चतुर्थीस भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळीं नऊच्या सुमारास. आणि उधाण नुकतेंच होऊन गेलेलें असल्यानें पाणी चांगलें दूर हटलेलें. विनायकी असो वा संकष्टी, गणपतीच्या दर्शनास जी तिथि आपण निवडूं, तीच समुद्रानेंही वाट मोकळी करून ठेवलेली आहे! मात्र पाणी वळूं लागण्यापूर्वीं परतावें. साडेदहाच्या पुढें किल्ल्यांत रेंगाळणें बरें नव्हे. याउलट पौर्णिमेस किंवा अमावास्येस अकरा वाजतां अलिबागेस उतरून पायीं जाऊं म्हटल्यास तें शक्य नाहीं.

किहीम व थळ: पौर्णिमेची सायंकाळ

पौर्णिमेचा दिवस उत्तरेकडील किहीमसाठीं राखून ठेवावा. तेथें सुरूच्या झाडांची दाट सावली आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनीं १९३० च्या सुमारास येथेंच राहून सुगरणीच्या घरट्यांचा प्रसिद्ध अभ्यास केला. त्या तिथीस भर दुपारीं पाणी पार वर येतें, म्हणून जेवणखाण व विश्रांति झाडांखालीं करावी. सायंकाळीं सहाच्या सुमारास वाळूचा विस्तीर्ण पट्टा मोकळा होतो. एका बाजूस सूर्य बुडतो व दुसऱ्या बाजूस झाडांमागून चंद्र वर येतो. वृद्धांस फिरावयास व मुलांस शिंपले वेंचावयास यासारखी वेळ नाहीं. कोजागरीस येथें दूध आटवावयाचें असेल तर चूल भरतीच्या रेषेच्या वर मांडावी, कारण मध्यरात्रीं पाणी पुन्हां तेथवर येणार.

जवळच्या थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी व उंदेरी हीं दोन बेटें दिसतात. खांदेरी महाराजांनीं १६७९ मध्यें ताब्यांत घेऊन तटबंदी आरंभिली. शेजारची उंदेरी सिद्दीनें बळकाविली. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस २०२५ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरी आहे.

आक्षी, नागांव, रेवदंडा

अलिबागच्या दक्षिणेस आक्षी व नागांव. रस्त्याच्या दोन्ही अंगांस नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्या संपतांच समुद्र. कांहीं दिवस बिऱ्हाड करावयाचें असेल तर ही जागा आम्हांस सर्वांत सोयीची वाटते. वाड्यांतून घरगुती जेवण मिळतें, आणि म्हाताऱ्या माणसांस समुद्रापर्यंत फार चालावें लागत नाहीं. आक्षी येथें शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा एक शिलालेख आहे. मराठीच्या अगदीं जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. आपली मायबोली हजार वर्षांपूर्वीं दगडावर कशी उमटली, हें नातवंडांस आजोबांनीं तेथें उभें राहून सांगावें. पुढें कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंडा. पोर्तुगीजांचा हा कोट १७४० मध्यें मराठ्यांकडे आला. तटाच्या पडक्या भिंती आणि काळी वाळू पाहण्यासारखी आहे, पण नदीच्या मुखाजवळ प्रवाहास ओढ असते, म्हणून स्नानाचा मोह टाळावा.

काशीद, नांदगांव, मुरुड

येथून पुढील किनारा अधिक सुंदर, आणि अधिक सावधगिरीचा. काशीदची वाळू या सर्वांत पांढरी. परंतु तेथें लाट जोरानें फुटते आणि परततांना पायांखालची वाळू ओढून नेते. काशीद पाहावें, घोट्यापर्यंत पाय भिजवावे, व तेवढ्यावर संतोष मानावा.

काशीद व मुरुड यांच्या मधील नांदगांव हें आमच्या वाचकांनीं मुद्दाम थांबावें असें गांव आहे. गणेश दैवज्ञ हे या गांवचे. त्यांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे १५२० च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ रचिला, आणि पुढें कित्येक पिढ्या महाराष्ट्रांतील पंचांगें त्याच ग्रंथावरून होत असत. आपण ज्या तिथीनें व्रतें धरितों, त्या तिथीचें गणित याच किनाऱ्यावरच्या गांवीं सोपें झालें. त्या तिथीचा समुद्राशीं संबंध मात्र आपण विसरलों आहों.

त्या विसरण्याची किंमत किती मोठी होते, हें पुढच्याच मुरुडला कळलें. मुरुडची पुळण लांबरुंद व सपाट. ओहोटीस माणूस चालत चालत फार आंत जातो, आणि पाणी वळलें हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी येथें दुपारीं बुडून मरण पावले. पंचांगांत पाहावें तर त्या दिवशीं पौष वद्य अष्टमी होती. हिशेबानें ओहोटी बाराला, भरती सहाला. म्हणजे दुपारभर पाणी चढत होतें. अष्टमी हा भांगाचा दिवस. तो सौम्य म्हणून निर्धास्त होऊं नये, एवढें तरी यावरून शिकावें. पाणी किती चढतें याहून तें कोणीकडे वळलें आहे, हें पाहणें अधिक महत्त्वाचें.

कांहीं सूचना

भरती चढत असतांना मुलांस गुडघ्याच्या पुढें जाऊं देऊं नये. पाण्यांत जाणाऱ्यांची मोजदाद करावी, आणि एका जाणत्या माणसानें कोरड्या वाळूवर उभें राहून केवळ लक्ष ठेवावें. हें काम दर तासानें बदलून घेतल्यास कोणाचाच आनंद बुडत नाहीं. ज्येष्ठ ते श्रावण या महिन्यांत समुद्रस्नान व होडीचा प्रवास वर्ज्यच समजावा. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येच्या सुमारास, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट वादळांत बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कित्येक घरांत ती आठवण अद्याप निघते.

प्रवासाचा दिवस ठरवितांना आपण मुहूर्त पाहतों, एकादशी आहे कीं नाहीं हें पाहतों. त्याच पानावर पाऊणपटीचा हिशेब करून एका चिठ्ठीवर भरती-ओहोटीच्या वेळा लिहाव्या, आणि ती चिठ्ठी घरांतील मुलांच्या हातीं द्यावी. वेळ राखण्याचें काम त्यांच्याकडे दिलें म्हणजे पाण्यांतून बाहेर येतांना तीं कुरकुर करीत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.