मॉरिशसच्या नोंदवहीपासून कोकणातल्या भावकीपर्यंत

मॉरिशसमध्ये मराठी घरांत गणपती बसतो, गोंधळ घातला जातो आणि जाखडी नाचली जाते. मात्र आपण मूळचे कुठले, असं विचारलं तर बहुतेकांना ‘रत्नागिरी’ एवढंच सांगता येतं. त्या एका शब्दापासून एखाद्या वाडीतल्या उंबऱ्यापर्यंत पोचता येतं, पण त्यासाठी दोन वेगळी कामं करावी लागतात. एक कागदाचं आणि दुसरं माणसांचं. कागदाचं काम चिकाटीने होतं. माणसांच्या कामात जुनी भांडणं समजून घ्यावी लागतात, आणि शोध अडतो तो बहुधा तिथेच.

करारावरच्या मजुरांचं पहिलं जहाज, ‘अ‍ॅटलस’, २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईसला लागलं. त्यात कोलकात्याहून नेलेले ३६ जण होते. मजुरांच्या हालांवरून ओरड झाली आणि ही वाहतूक काही वर्षं बंद पडली. १८४२च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कोलकाता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुलं झालं. आपली कोकणी माणसं प्रामुख्याने त्यानंतर गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या बेटावर साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर उतरले. त्यांतले पुष्कळ करार संपल्यावर परतलेही, हे शोध घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं. गेलेला प्रत्येक जण कायमचाच गेला, असं नाही.

शोध घरातून सुरू करायचा आणि मागे मागे जायचं. आधी आपला जन्मदाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा विवाहाचा आणि मृत्यूचा. पूर्वजाचं नाव कळलं म्हणून थेट १८५०च्या जहाजांच्या याद्या उघडल्या, तर रामा, भिवा आणि बाबाजी शेकड्यांनी भेटतात. उतरलेल्या प्रत्येक मजुराला क्रमांक दिला जाई आणि तोच पुढे त्याच्या कागदोपत्री चाले. मुलांच्या दाखल्यांवरही आईबापांचे हे क्रमांक सापडतात. तो क्रमांक हाती लागला की मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जायचं. स्थलांतरितांच्या जुन्या नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत आणि वंशजांना त्यांतला उतारा मिळतो.

हा उतारा सावकाश वाचावा. समजा, नोंद अशी आहे: रामा, बापाचं नाव भिवा, वय २२, उंची, अंगावरची खूण, जात ‘मराठा’, जिल्हा ‘रुटनाघेरी’, परगणा ‘अंजनवेल’, पुढे गावाचं वेडंवाकडं नाव, मग जहाज आणि ज्या मळ्यावर पाठवलं तो मळा. यात आडनाव नाही, म्हणजे ते हरवलं असं नव्हे, कारकुनाने ते विचारलंच नाही. पुढच्या पिढीत रामा हेच आडनाव झालं. म्हणूनच मॉरिशसच्या मराठी माणसाचं आडनाव बहुधा एखाद्या पणजोबाचं पाळण्यातलं नाव असतं. गणपतचं गुनपुथ आणि लक्ष्मणचं लक्झिमन झालं, तेही याच वाटेने. असं आडनाव घेऊन कोकणात चौकशी केली तर कुणालाच काही बोध होत नाही.

जातीच्या रकान्यावर फार भार देऊ नये, कारण मराठी बोलणाऱ्या कुणालाही ‘मराठा’ लिहिलेलं असू शकतं. जागेच्या रकान्यावर मात्र कसून विचार करावा. अंजनवेल हे गाव आजही आहे, पण इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला तो तालुकाही होता. सुवर्णदुर्ग (कागदावर ‘सेव्हर्नड्रूग’) आणि विजयदुर्ग हेही तालुकेच होते. म्हणजे आपला माणूस खुद्द अंजनवेलचा नसून त्या तालुक्यातल्या भलत्याच वाडीचा असू शकतो. शिवाय आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, आणि मजूर गेले त्या काळी सावंतवाडी हे निराळं संस्थान होतं. नावंही फसवतात. खेड रत्नागिरीत आहे तसं पुण्यातही आहे, पाली रत्नागिरीत आहे तशी रायगडातही. गावाचं नाव मोठ्याने, वेगवेगळ्या उच्चारांनी म्हणून पाहावं आणि त्या भागातल्या जाणत्याला ऐकवावं. इंग्रजी स्पेलिंगपेक्षा कान जास्त उपयोगी पडतो.

गाव ठरलं की लोक आधी सातबारा मागायला धावतात. १८५०च्या सुमारास गेलेल्या माणसासाठी त्याचा उपयोग नाही. हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने आली आणि फेरफारांची नोंद त्यानंतरची. त्याआधीचं धुंडाळायचं तर खोताच्या घरचं मोडी दफ्तर, मुंबईतलं राज्य पुराभिलेखागार आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या. या वह्यांत घराण्यातल्या कुणी तीर्थाला येऊन आपली नावनिशी लिहून ठेवली असेल, तर भावांची नावं एकाखाली एक मिळतात. आता डीएनए चाचणीचीही चलती आहे. तिने दुसऱ्या देशातले चुलत नातेवाईक सापडतात, पण वाडीतल्या ज्या माणसांना शोधायचं त्यांनी ती चाचणी केलेलीच नसते.

आता माणसांचं काम. गावात गेल्यावर ‘आमचं घर कुठलं?’ असं विचारू नये. आधी ग्रामदेवतेच्या गुरवाला भेटावं, कुठल्या घराण्याचा कोणता मान आहे आणि कुठला मान बंद पडला आहे ते विचारावं. मग सुतक कोणाकोणात पाळलं जातं ते विचारावं. कोकणात दोन घरं तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नसतील, बांधावरून कोर्टात गेली असतील, तरी मयत झाली की सुतक धरतात. भावकीचा याहून पक्का पुरावा मला ठाऊक नाही. गणपतीचंही असंच. मूळ घरात एकच गणपती असतो. कुठल्या घराने तो कधी वेगळा आणला, हे म्हाताऱ्या बायकांना नेमकं आठवतं, आणि बहुधा त्याच साली वाटणी झालेली असते. एक घर जे सांगेल ते दुसऱ्याकडे पडताळावं, पण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानी घालू नये.

गेलेल्या माणसाबद्दल गावात एकच शब्द उरलेला असतो: परागंदा. तो का गेला, याची उत्तरं घरागणिक बदलतात. कर्ज, खोताचा जाच, वाळीत टाकणं, भावाशी भांडण, विधवेला घरात न मिळालेली जागा. ही कारणं खरी होती आणि वेदना त्याहून खरी होती. म्हणून कुणाचा दोष होता याचा निवाडा करायला जाऊ नये. दोन्हीकडचं ऐकून तारखेसह लिहून ठेवावं.

दार बंद होतं ते मात्र जमिनीच्या भीतीने. परदेशातून आलेला भाऊबंद हिस्सा मागेल, ही धास्ती असते, आणि तिची हेटाळणी करू नये. इथे इतिहास कामी येतो. गेलेले पुष्कळसे लोक खोताची कुळं होते. त्यांच्या नावावर जमीन नव्हतीच. खोती १९४९च्या कायद्याने गेली. इतर कुळांना मालकी मिळाली ती १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांमुळे. म्हणजे आज भावकीकडे असलेली जमीन अनेक ठिकाणी पूर्वज निघून गेल्यावर शंभर वर्षांनी, मागे राहिलेल्यांच्या कष्टांतून नावावर आली. प्रत्येक घराची गोष्ट वेगळी असेल आणि कायद्याचा शेवटचा शब्द वकिलाचा. पण ही सनावळी शांतपणे समोर ठेवली की बैठक सैल होते, हे नक्की. आलेल्याने पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहावं: आम्हाला जमीन नको, नाव आणि देव हवेत. भारतीय नागरिकत्वाशी संबंधित ओसीआय कार्डासाठी कागद हवे असतील, तर तेही आधीच सांगावं. मार्च २०२४ मध्ये मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीसाठीही या कार्डाची सोय जाहीर झाली, त्यामुळे अशी चौकशी वाढणार. हेतू लपवला तर संशय वाढतो.

आणि कोकणात राहणाऱ्यांना एक विनंती. घरात मोडी कागदांचं गाठोडं असेल तर वाळवी लागण्याआधी त्याचे फोटो काढा, वाचणारा शोधा. येत्या गणपतीत घर भरलेलं असताना सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, आपल्यातलं कोण परागंदा झालं होतं. नाव मिळालं की त्याच्या बापाचं नाव आणि त्या वेळचा तालुका जोडून लिहून ठेवा. मोका इथल्या वह्यांत शोध घ्यायचा तर या तीन गोष्टी पहिल्यांदा लागतात.