मज्जेतल्या पेशीला आपलं भविष्य ठाऊक असतं का?

आजचा विषय जीवशास्त्रातला आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. घट मातीत आधीपासूनच असतो का? सांख्य म्हणतात, हो, कार्य कारणातच असतं. नैयायिक म्हणतात, नाही, घट ही नवी वस्तू आहे. आता मातीऐवजी आपल्या हाडांतली मज्जा घ्या.

मज्जेत थोड्याशा मूळ पेशी असतात, त्यांना स्टेम सेल म्हणतात. तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी यांची ही आई. हे कळलं कसं? १९६१ साली टोरांटोत टिल आणि मॅकलॉक या दोघांनी उंदरांची मज्जा किरणोत्सर्गाने निकामी केली आणि त्यांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. दहा-अकरा दिवसांनी प्लीहेवर गाठी दिसल्या. १९६३ पर्यंत सिद्ध झालं की एक गाठ म्हणजे एकाच पेशीची संतती, आणि तिच्यात रक्तपेशींचे वेगवेगळे प्रकार असू शकतात.

या आईच्या लेकींना पुढे दोन मोठ्या वाटा असतात. एका वाटेने न्यूट्रोफिल, मोनोसाइट अशा पेशी तयार होतात. जंतू गिळणं हे त्यांचं मुख्य काम. दुसऱ्या वाटेने लिम्फोसाइट. त्यांतल्या बी पेशी मज्जेतच वाढतात. टी पेशींच्या पूर्वज मात्र मज्जा सोडून छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जातात. तिथे त्यांना ‘नॉच’ नावाचा संकेत मिळतो. उंदरांमध्ये तो संकेत बंद पाडला, तर थायमसमध्ये पोचलेल्या त्याच पूर्वज बी पेशी होऊ लागतात! म्हणजे पेशी कोण होणार, हे ती कुठे पोचते यावरही ठरतं.

याहून मोठी गोष्ट सुसुमु तोनेगावा यांनी दाखवली. १९८७ चं नोबेल त्यासाठीच. बी पेशी घडताना जनुकांचे तुकडे कापले जातात आणि नव्याने जोडले जातात, बरंचसं यदृच्छेने. टी पेशींतही असंच घडतं. तुकडे आईकडे होते, पण ही जोडणी तिच्यात कुठेच लिहिलेली नव्हती. तेव्हा सांख्यांना तुकडे द्या, नैयायिकांना जोडणी.

पण यदृच्छेने घडलेली पेशी आपल्याच शरीरावर उलटली तर? म्हणून थायमसमध्ये परीक्षा होते. जिला काहीच ओळखता येत नाही ती मरते. जी स्वकीयांवर जोरात धावून जाते, तीही बहुधा मरते. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, मंडळी. रक्ताच्या कर्करोगात दुसऱ्याची मज्जा देतात. भारतात हे प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. त्या मज्जेबरोबर दात्याच्या तयार टी पेशीही येतात. त्या दात्याच्या घरी शिकलेल्या; रुग्णाचं शरीर त्यांना परकं वाटू शकतं आणि त्या हल्ला करतात. हा धोका कमी व्हावा म्हणून तर दाता जुळवून शोधतात. पण त्याच दात्याच्या मूळ पेशींपासून पुढे ज्या नव्या टी पेशी होतात, त्या रुग्णाच्या थायमसमध्ये वाढतात आणि बहुतांशी त्याचंच शरीर आपलं मानायला शिकतात.

वंश तोच, पण घर बदललं की ‘आपलं’ कोण तेही बदलतं. आपपरभाव पेशीसुद्धा जन्माला येताना आणत नाही; तो तिला शिकावा लागतो.

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा.