आरे-वारेच्या लाटा काय सांगतात?

थंडीच्या दिवसांत सोलापूर जिल्ह्यातील शाळांच्या सहली निघतात, तेव्हा त्यांतील बऱ्याच कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा करीत आंबा घाट उतरतात आणि गणपतीपुळ्यास जातात. सोलापूर ते रत्नागिरी हे अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. त्यामुळे बसमधील अनेकांनी समुद्र तोवर चित्रातच पाहिलेला असतो. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा तलाव, फार तर उजनीचे धरण. हे पाणी बहुधा जागच्या जागी राहते. समुद्राचे पाणी मात्र सतत कोठून तरी येत असते आणि कोठे तरी जात असते. ते कोठून येते व कोठे जाते, हे ओळखता येणे म्हणजे समुद्र वाचता येणे.

हे वाचन केवळ गमतीचे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरही पर्यटक बुडाल्याच्या घटना अनेकदा घडलेल्या आहेत. म्हणून या वर्षीच्या सहलीत भौतिकशास्त्राचा एक धडा रस्त्यावरच शिकू या.

दहा मिनिटांचा थांबा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास जाणारा किनाऱ्याचा रस्ता सुमारे २५ किलोमीटरांचा आहे. शिरगाव, साखरतर, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे अशी गावे वाटेत लागतात. आरे आणि वारे येथील पुळणींजवळ हा रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खाली निळा समुद्र, पांढऱ्या फेसाच्या रेषा आणि वाळूच्या कडेने सुरूची झाडे. येथे बस थांबली म्हणजे सगळे फोटो काढतात. तुम्हीही काढा, पण नंतर दहा मिनिटे समुद्राकडे नीट पहा. येथून जे दिसते, ते खाली वाळूत उभे राहून दिसत नाही.

प्रथम क्षितिज पाहा. पृथ्वीची त्रिज्या R आणि आपल्या डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची h असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयावरून क्षितिजाचे अंतर सुमारे √(2Rh) येते. R = ६,४०० किलोमीटर धरा. वाळूत उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्याची उंची १.६ मीटर असेल, तर त्याला सुमारे साडेचार किलोमीटरपर्यंतचाच समुद्र दिसतो. रस्त्यावर तुमचा डोळा ५० मीटर उंचीवर आहे असे समजा. मग हेच अंतर सुमारे २५ किलोमीटर होते! शिवाय वाळूतून पाहताना लाटा एकीमागे एक दडतात. वरून पाहताना मात्र त्यांची सगळी मांडणी कागदावर काढल्यासारखी समोर येते. कोळीबांधव आणि किल्ल्यांवरचे पहारेकरी समुद्र पाहण्यास उंच जागा निवडीत, त्याचे कारण हेच.

लाटा वळतात कशा?

आता लाटांच्या रेषा पाहा. दूर खोल पाण्यात त्या बहुधा सरळ दिसतात. किनाऱ्याजवळ आल्या की त्या वाकतात आणि अर्धवर्तुळाकार पुळणीवर जणू तिच्याच आकाराच्या होऊन येतात. असे का होते?

उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. खोली d आणि गुरुत्वत्वरण g असेल, तर वेग v = √(gd). खोली १० मीटर असेल तर वेग सेकंदाला सुमारे १० मीटर येतो. खोली अडीच मीटर झाली की तो ५ मीटरवर उतरतो आणि १ मीटर खोलीत जेमतेम ३ मीटर उरतो. म्हणजेच उथळ भागात पोचलेली लाट मंदावते.

कवायतीची एक रांग डोळ्यांसमोर आणा. ती तिरकी चालत डांबरी रस्त्यावरून नांगरलेल्या काळ्या रानात शिरते. ज्यांचे पाय प्रथम ढेकळांत पडले त्यांची चाल मंदावते. रस्त्यावर असलेले पूर्वीच्याच वेगाने पुढे येतात. परिणामी सबंध रांगच वळते. लाटेचेही तसेच होते. हवेतून काचेत शिरणारा प्रकाशकिरण याच कारणाने वळतो. पुस्तकात त्यास अपवर्तन म्हणतात. आरे-वारेला ते तुम्ही नुसत्या डोळ्यांनी पाहू शकता.

कडा झिजतो, वाळू साठते

समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या नाकास भूशिर म्हणतात. त्याच्यासमोरचा समुद्र लवकर उथळ होत असल्याने लाटा दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे वळतात. एरवी लांबवर पसरली असती ती ऊर्जा येथे थोड्या जागेत एकवटते. पुळणीच्या आतल्या भागात याच्या उलट होते. तेथे लाटेची ऊर्जा पसरते. म्हणून भूशिराचा खडक झिजतो आणि दोन भूशिरांमधील आखातात वाळू साठते. रस्ता वळणे घेतो तो किनाऱ्याच्या वळणांमुळेच.

हा खडक तुम्हांस अनोळखी नाही. रत्नागिरीच्या सड्यांवर तांबडा जांभा दिसतो. पण त्याखाली आहे तो काळा बेसॉल्ट. सोलापूरच्या काळ्या मातीखालचा काळा पाषाण तो हाच.

लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १ मीटर उंचीच्या लाटांमध्ये समुद्राच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे सुमारे १,२५० ज्यूल ऊर्जा असते. उंची दुप्पट झाली की ती चौपट, म्हणजे सुमारे ५,००० ज्यूल होते. शिवाय सगळ्या लाटा सारख्या नसतात. काही वेळ लहान लाटा येतात, मग तीन-चार मोठ्या येतात. म्हणून भूशिराच्या ओल्या कातळावर फोटोसाठी उभे राहणे अत्यंत धोक्याचे आहे. खडक ओला दिसतो याचा अर्थ तेथपर्यंत पाणी पोचले होते, आणि ते पुन्हा पोचू शकते.

आलेले पाणी परत कोठून जाते?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे जेथे पांढरा फेस दिसतो तेथे पाणी उथळ आहे असे समजावे. पुळणीसमोर पाण्याखाली पुष्कळदा वाळूचा बांध असतो. लाटा त्यावर फुटतात आणि पाणी बांध ओलांडून आत येते. ते आत साठते, पण साठून राहू शकत नाही. शेताच्या बांधामागे तुंबलेले पाणी जसे बांध जेथे खचला असेल तेथून धावते, तसेच हे पाणी वाळूच्या बांधातील फट शोधते आणि तेथून समुद्राकडे परत जाते. या प्रवाहास रिप करंट म्हणतात. 'पाण्याला ओढ आहे' असे म्हणतात ती याच प्रकारची.

त्याचा वेग किती असेल? समजा, ५० मीटर रुंदीतून पाणी सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने आत येत आहे आणि ५ मीटर रुंदीच्या फटीतून बाहेर जात आहे. दोन्हीकडे खोली सारखीच धरली, तर रुंदी दहापट कमी झाल्याने वेग दहापट वाढेल, म्हणजे सेकंदाला १ मीटर होईल. प्रत्यक्षातही ओढीचा वेग पुष्कळदा अर्धा ते एक मीटर असतो. कधी तो दोन मीटरच्याही वर जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानले याने १०० मीटर अंतर ४६.४० सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला. त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २.१५ मीटर होता. तेव्हा विहिरीत पोहायला शिकलेला, अगदी पट्टीचा पोहणारा मुलगासुद्धा जोरदार ओढीविरुद्ध किनाऱ्याकडे येऊ शकत नाही. तो दमतो, आणि दमल्यामुळे बुडतो.

या फटीत पाणी खोल असते. त्यामुळे तेथे लाटा कमी फुटतात, फेस दिसत नाही आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतो. समुद्राची सवय नसलेला माणूस म्हणतो, 'येथे लाटा नाहीत, येथेच उतरू.' नेमकी तीच जागा सर्वांत वाईट! कधी या पट्ट्यात गढूळ पाणी किंवा फेस समुद्राकडे सरकताना दिसतो. पुळणीच्या टोकाला, खडकालगतही अशी ओढ पुष्कळदा असते. रस्त्यावरून हे गडद पट्टे शोधा आणि कागदावर खुणा करा. मात्र एखादा पट्टा दिसला नाही, तर ओढ नाहीच असे कधीही समजू नका. वाळू हलते, तशी फटही हलते.

ओढीत सापडल्यास

ओढ माणसाला खाली खेचत नाही. ती बाहेर नेते. थोड्या अंतरावर तिचा जोर ओसरतो. म्हणून तिच्याशी झगडू नये. उताणे होऊन तरंगावे आणि हात वर करून मदत मागावी. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के अधिक असल्याने येथे तरंगणे किंचित सोपेही असते. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे आणि मग जेथे लाटा फुटत आहेत तेथून किनाऱ्याकडे यावे.

किनाऱ्यावर असणाऱ्यांनी मागोमाग उडी टाकू नये. वाचवायला गेलेलाही बुडाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. जीवरक्षकांना हाक मारावी, ११२ क्रमांकावर फोन करावा आणि दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेकावी. झाकण घट्ट लावलेला २० लिटरचा रिकामा कॅन आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार सुमारे २० किलोग्रॅम वजन तोलून धरतो. डोके पाण्याबाहेर ठेवण्यास याहून पुष्कळ कमी बळ पुरते. सहलीच्या बसमध्ये असा एक कॅन आणि वीस-पंचवीस मीटर दोरी ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

जेवणापूर्वी एक काठी रोवा

गणपतीपुळ्यास पोचलात की भूक लागलेली असते. घरगुती खानावळीत भात, आमटी, उकडीचा मोदक आणि सोलकढी तुमची वाट पाहत असते. जेवायला बसण्यापूर्वी शिक्षकांच्या सोबतीने एक प्रयोग मांडा. लाटेचे पाणी वाळूवर जेथवर येते, तेथे एक काठी रोवा आणि वेळ लिहून ठेवा. जेवण झाल्यावर पुन्हा पाहा.

भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास लागतात. पाण्याची पातळी या वेळात सारख्या वेगाने बदलत नाही. आरंभी व शेवटी ती सावकाश बदलते. मधल्या दोन तासांत मात्र दर तासाला एकूण बदलाचा जवळजवळ चौथा हिस्सा होतो. एकूण फरक २ मीटर असेल, तर मधल्या एका तासात पाणी अर्धा मीटर चढेल. पुळणीचा उतार ४० मीटरला १ मीटर असेल, तर पाण्याची कड त्या तासात २० मीटर पुढे येईल, म्हणजे जवळजवळ दोन एस.टी. बसच्या लांबीइतकी! जेवणापूर्वी गुडघाभर पाणी होते तेथे जेवणानंतर ते मांडीच्या वर गेलेले असते. पाहणाऱ्याला मात्र एकही लाट वेगळी दिसत नाही.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. 'पाऊण तास' हे त्याचेच ढोबळ रूप. आता गंमत पाहा. गणपतीपुळ्यास गर्दी होते ती चतुर्थीला. त्या दिवशी पूर्ण ओहोटी नवाच्या सुमारास असते आणि बारा-एक वाजता, म्हणजे नेमके जेवणाच्या वेळी, पाणी सर्वांत झपाट्याने चढत असते. या रीतीत तासाभराचा फरक पडू शकतो. नेमकी वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत, आणि पाण्यात पाय बुडवण्यापूर्वी गावातील माणसाला विचारावे.

वर्गात करून पाहा

पसरट परातीत पाणी घ्या. तळाशी काचेचा जाड तुकडा तिरका ठेवा. त्यावर दोन-तीन मिलिमीटरच पाणी राहू द्या. फूटपट्टीने एका कडेला हलकेच लाटा उठवा आणि वरून विजेरीचा प्रकाश टाका. काचेवर येताच लाटांच्या सावल्या जवळजवळ येतात आणि वळतात. हीच आपल्या वर्गातील आरे-वारे!

सहलीच्या वहीत तारीख, तिथी, काठी रोवल्याची वेळ आणि पाणी किती पावले सरकले याची नोंद करा. परत आल्यावर ती तिथीच्या हिशेबाशी ताडून पाहा. पुढच्या वर्षी सहलीस जाणाऱ्या वर्गाला ती वही द्या.