पीटरची खुर्ची

घरात तान्हं बाळ आलं, की थोरलं मूल हिरमुसतं. आपण म्हणतो, "तू मोठा ना? दे बाळाला." तो देतो, पण रुसून देतो. शाळेत आम्ही अशी रुसलेली मुलं पुष्कळ पाहिली.

अमेरिकेतल्या एझ्रा जॅक कीट्स यांनी १९६७ साली चित्रांचं एक पुस्तक काढलं. त्यातल्या पीटरला बहीण होते. त्याचा पाळणा तिच्यासाठी गुलाबी रंगवला जातो. पीटर रागावतो. आपली लहानपणची खुर्ची उचलून घराबाहेर जातो. बसायला जातो, तर खुर्चीत मावतच नाही! आपण वाढलो, हे त्याचं त्यालाच कळतं. मग तोच वडिलांना म्हणतो, ही खुर्चीही बहिणीसाठी रंगवूया.

त्याला कोणी उपदेश केला नाही. चित्रांच्या गोष्टीचं बळ यातच आहे.

अशी पुस्तकं मराठीतही मिळतात. दोन्ही मुलांना जवळ घेऊन बसा. अक्षर लावत वाचलंत तरी चालेल. चित्रावर बोट ठेवून थोरल्याला विचारा, "याला काय वाटत असेल?" तो पुस्तकातल्या मुलाचं म्हणून स्वतःचंच दुःख सांगेल. ते ऐकून घ्या. मन मोकळं झालं, की हातही मोकळा होतो.