टपालानें पुरा करावयाचा संच

टपालाच्या तिकिटांची वही आणि थोरामोठ्यांच्या स्वाक्षऱ्यांची वही, या दोन्ही वह्या आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांना परिचित आहेत. अमेरिकेंत या दोन छंदांचा मिलाफ झालेला एक तिसरा छंद रूढ आहे. आपल्याकडे क्रिकेटला जें स्थान, तेंच तिकडे बेसबॉलला. तेथें च्युइंग गमच्या पुडीबरोबर खेळाडूंचीं चित्रें छापलेलीं जाड कागदाचीं कार्डें मुलांना मिळत. एका सालचा असा संपूर्ण संच घ्यावयाचा आणि त्यांतील प्रत्येक कार्डावर त्या त्या खेळाडूची सही टपालानें मिळवून तो पुरा करावयाचा, असें या छंदाचें स्वरूप आहे.

ब्रुकलिन येथील टॉप्स कंपनीनें १९५५ सालीं काढलेला संच उदाहरणादाखल घेण्यासारखा आहे. त्यांतील क्रमांक २१० पर्यंत जातात. पण चार क्रमांक छापलेच गेले नाहींत, म्हणून कार्डें भरतात २०६. प्रत्येक कार्ड आडवें. त्यावर खेळाडूचा मोठा चेहरा, शेजारीं खेळतांनाचें लहान चित्र, आणि त्याच्या सहीचा छापील नमुना. येथें कोणीहि विचारील कीं, सही छापलेलीच असतां पुन्हां शाईची सही कशाला? उत्तर सोपें आहे. छापील सही यंत्रानें सर्व कार्डांवर सारखीच उमटविली. शाईची सही म्हणजे एका माणसाच्या पत्राला दुसऱ्या माणसानें दिलेलें उत्तर. या छंदाचें सारें मोल एवढ्या एका भेदांत आहे.

रीत साधी असली तरी तींत चोखपणा हवा. बाहेरच्या पाकिटांत एक लहानसें पत्र, कार्ड, तें दुमडूं नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा, आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलें दुसरें पाकीट, इतक्या वस्तू घालाव्या लागतात. उत्तर धाडण्यास खेळाडूला एका पैचाहि खर्च पडूं नये, हा त्यामागील संकेत. भारतांतून लिहिणाऱ्यास आंतील पाकिटावर अमेरिकन तिकिटेंच लावावीं लागतात. कारण तेथून निघणाऱ्या पत्रास आपलें तिकीट चालत नाहीं. कोणास कोणत्या दिवशीं पत्र गेलें आणि उत्तर केव्हां आलें, याची नोंदवही ठेवणें अगत्याचें असतें. कांहीं उत्तरें पंधरवड्यांत येतात, कांहीं वर्षानें येतात, आणि कांहीं येतच नाहींत. निवृत्त खेळाडूंचे पत्ते मिळणें पूर्वीं फार कठीण असे. जॅक स्मॉलिंग या संग्राहकांनीं ते गोळा करून पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले, तेव्हां हें काम पुष्कळ सुकर झालें.

संचाचा एक मोठा गुण असा कीं, तो लहानथोर ओळखत नाहीं. विली मेज यांच्यासारख्या अग्रगण्य खेळाडूचें कार्ड एक, आणि एकदोन हंगाम खेळून विस्मृतींत गेलेल्या खेळाडूचेंहि एकच. दोहोंपैकीं कोणतेंहि नसेल तरी संच अपुराच. त्यामुळें ज्याला एरव्हीं कोणी विचारीत नाहीं, त्याच्याहि दारीं त्याच्या तरुणपणाचें चित्र घेऊन टपालवाला जातो.

सही कशी करावी याचा वस्तुपाठ हार्मन किलब्रू यांनीं घालून दिला. १९५५ च्या संचांत ते अठरा वर्षांचे नवखे तरुण आहेत. पुढें त्यांनीं ५७३ होम रन काढले. त्यांची सही शाळेच्या कित्त्यासारखी स्पष्ट असे. टोरी हंटर या तरुण खेळाडूची घाईघाईची सही पाहून त्यांनीं त्याला ती सुधारण्यास सांगितलें. सही घेणाऱ्यास नांव वाचतां आलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

परंतु संग्राहकाचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे काळ. क्रमांक १५२ चें कार्ड बोस्टनच्या संघांतील हॅरी ॲगॅनिस यांचें. कार्ड निघालें त्याच वर्षीं, २७ जून १९५५ रोजीं, फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकून ते वयाच्या २६ व्या वर्षीं वारले. त्या कार्डावर सही मिळविण्यास जगाला फार तर कांहीं महिनेच लाभले. म्हणून तो क्रमांक भरणें अत्यंत दुर्घट होऊन बसलें. पुढें १९७२ या एकाच सालीं आणखी तीन दारें बंद झालीं. एप्रिलांत गिल हॉजेस गेले, ऑक्टोबरांत जॅकी रॉबिन्सन गेले, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशीं रॉबर्टो क्लेमेंटे. निकाराग्वांतील भूकंपग्रस्तांसाठीं मदतीचें सामान घेऊन क्लेमेंटे निघाले असतां त्यांचें विमान समुद्रांत कोसळलें; तेव्हां त्यांचें वय ३८ होतें. विली मेज मात्र दीर्घायुषी ठरून १८ जून २०२४ रोजीं निवर्तले.

गेलेल्या माणसाची जागा भरावयाची तर सही विकत घ्यावी लागते, आणि तेथें फसवणूक शिरते. छापील नमुना कार्डावरच असल्यामुळें ठकाला कित्ता शोधावा लागत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या एफ. बी. आय. या तपास खात्यानें ‘ऑपरेशन बुलपेन’ या नांवानें शोध करून बनावट सह्यांचा मोठा व्यापार उघडकीस आणला. टपालानें आलेली प्रत्येक सहीहि निःशंक नसते; नोकराकडून वा चिटणिसाकडून सह्या करवून घेणारे खेळाडूहि होऊन गेले. म्हणून खात्रीच्या सहीशीं ताडून पाहावें, आणि टपालाच्या शिक्क्याचें पाकीट जपून ठेवावें.

पत्र हातानें लिहिलेलें, थोडक्यांत आणि सभ्य असावें. एका वेळीं एकदोन कार्डांहून अधिक पाठवूं नयेत. खेळाडूनें विनामूल्य दिलेली सही बाजारांत नेणें हा त्याच्या सौजन्याचा अपमान होय. इतकें सारें करूनहि कांहीं जागा रिकाम्या राहतीलच. पण त्यामुळें मिळालेल्या सह्यांचें मोल कमी होत नाहीं. १५२ क्रमांकाच्या कोऱ्या कार्डापासून घेण्यासारखा धडा एकच आहे: ज्या माणसाविषयीं मनांत आदर आहे, त्याला तो हयात आहे तोंवरच चार ओळी लिहाव्या.