आमवाताच्या गोळ्या आणि हरवणारी स्मृती

व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पॅट्रिक आणि ईडिथ मॅकगीअर हे जोडपं वर्षानुवर्षं मेंदूचे काप तपासत होतं. दोघंही मूळचे रसायनशास्त्रज्ञ. ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत ओळख झाली आणि १९५४ मध्ये लग्न. पॅट्रिक १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून बास्केटबॉल खेळले होते. पुढे १९८६ पर्यंत आमदारकी आणि मंत्रिपद सांभाळत त्यांनी प्रयोगशाळाही सोडली नाही.

१९८७ मध्ये त्यांच्या गटानं एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. अल्झायमरनं दगावलेल्या माणसांच्या मेंदूत मायक्रोग्लिया पेशी खवळलेल्या दिसत होत्या आणि त्यांच्यावर एचएलए-डीआर नावाचं प्रथिन होतं. प्रतिकारपेशी कामाला लागल्याची, म्हणजेच दाहाची, ती खूण. मायक्रोग्लिया हे नाव जुनं, पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानं १९१९ मध्ये दिलेलं. पण मेंदू शरीराच्या प्रतिकारयंत्रणेपासून बराचसा अलिप्त असतो, अशीच तेव्हाची समजूत होती. १९८९ मध्ये याच गटाला त्या मेंदूंत ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनंही आढळली. एरवी ही प्रथिनं जंतूंवर खूण करतात आणि त्यांचा फडशा पाडायला मदत करतात.

पुढचा प्रश्न मला या सगळ्या कहाणीत सर्वांत सुंदर वाटतो. मेंदूत दाह असेल, तर दुसऱ्याच कुठल्या दुखण्यासाठी दाह कमी करणारी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं काय होतं? आमवाताचे रुग्ण नेमके असेच. त्यांच्यात अल्झायमर अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसतो, हे मॅकगीअर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. मग त्यांनी जपानमधल्या वृद्ध कुष्ठरुग्णांकडे पाहिलं. कुष्ठरोगावरचं आणि दाहही कमी करणारं डॅप्सोन घेत राहिलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी दिसला. डॅप्सोन हे नाव आपल्याकडे कुष्ठसेवेत आयुष्य घालवलेल्यांना चांगलंच ठाऊक आहे. या निष्कर्षावर पुढे वाद झाला, पण मागोवा घेण्याची ही रीत मला अस्सल संशोधकाची वाटते.

१९९३ मध्ये इंडोमेथासिन या दाहशामक औषधाची अल्झायमरच्या रुग्णांवर सहा महिन्यांची चाचणी झाली. ४४ रुग्ण सहभागी झाले, २८ शेवटपर्यंत टिकले. अनेकांना पोटाचा त्रास सोसला नाही. औषध घेणाऱ्यांची बुद्धी जागच्या जागी राहिली, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांची घसरली. २००१ मध्ये रॉटरडॅमच्या ६,९८९ लोकांच्या पाहणीनं आशा आणखी वाढवली: दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ अशी औषधं घेतलेल्यांना अल्झायमरचा धोका खूपच कमी होता.

आणि मग मोठ्या चाचण्यांनी पाणी फिरवलं. २००३ मध्ये नेप्रॉक्सेन आणि रोफेकॉक्सिब ही दाहशामक औषधं रुग्णांवर निष्प्रभ ठरली. घराण्यात हा आजार असलेल्या, पण स्वतः निरोगी असलेल्या सत्तरीपुढच्या अडीच हजार लोकांवरची अशाच औषधांची चाचणी २००४ मध्ये हृदयाच्या धोक्याच्या काळजीनं थांबवावी लागली. त्यांनाही संरक्षण मिळालं नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, आजीचं विसरणं थांबेल या आशेनं तिला वेदनाशामक गोळ्या देऊ नका. पोट, मूत्रपिंड आणि हृदय यांची त्यात हानी होऊ शकते.

मॅकगीअर यांना दिसलं ते खरं होतं. त्यावरचा उपाय मात्र सरळ नव्हता. २०१३ मध्ये बॉनच्या मिखाएल हेनेका यांच्या गटानं उंदरांमध्ये एनएलआरपी-३ हे दाहाचं कळसूत्र काढून टाकलं, तेव्हा त्यांची स्मृती बरीच वाचली. त्याच सुमारास माणसांत ट्रेम-२ या जनुकाचा एक दुर्मीळ, दुबळा प्रकार सापडला. तो असणाऱ्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट, आणि हे जनुक मायक्रोग्लियाला अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाभोवती कडं करायला मदत करणारं! म्हणजे एकीकडे या पेशींचा अतिरेक घातक, दुसरीकडे त्यांचा दुबळेपणाही घातक.

बोस्टनच्या बेथ स्टीव्हन्स यांच्या गटानं २०१६ मध्ये उंदरांत आणखी एक पायरी दाखवली. अमायलॉइडचे साठे दिसू लागण्याआधीच कॉम्प्लिमेंट प्रथिनं चेतापेशींच्या जोडांना चिकटतात आणि मायक्रोग्लिया ते जोड गिळतात. बाळाचा मेंदू घडताना नको असलेले जोड छाटणारी हीच यंत्रणा आजारात पुन्हा जागी होते. व्हँकुव्हरच्या कापांत १९८९ मध्ये दिसलेल्या प्रथिनांचा एक अर्थ असा सत्तावीस वर्षांनी लागला.

पॅट्रिक मॅकगीअर २०२२ मध्ये गेले. २०२४ मध्ये ट्रेम-२ला चेतवणाऱ्या एका प्रतिपिंडाची सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवरची चाचणी निष्फळ ठरली. दाह शमवूनही रुग्ण सावरले नव्हते, राखणदार पेशींना बळ देऊनही सावरले नाहीत. आता अनेक संशोधकांची नजर आजाराच्या पहिल्या लक्षणाच्याही दहा-पंधरा वर्षं आधीच्या काळाकडे आहे, जेव्हा माणूस अजून सगळ्यांना नावानं हाक मारत असतो.